दाराआडचं बोलणं

मला 'म' जमत नाही. 'प' आणि 'ब' सुद्धा नाही. म्हणजे ही अक्षरं येतात, पण यायला वेळ लावतात. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, मान ताठते, डोळे आपोआप बंद होतात. तोवर समोरचा माणूस एक तर दुसरीकडे बघायला लागतो, नाहीतर माझा शब्द स्वतःच बोलून मोकळा होतो. लहानपणी बिस्किटं आणायला दुकानात जायचो आणि शेंगदाणे घेऊन घरी यायचो, कारण 'श'ने मला कधी अडवलं नाही. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना मात्र मी एकदाही अडखळलो नाही. पण बाहेर येऊन चपला घालताना कोणी साधं 'कसं काय' विचारलं, की पुन्हा ओठांना कुलूप.

नोकरीही मी तशीच शोधली होती. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होतो. मशीनं सुरू झाली की तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, सगळे हातांनी खुणा करत. त्या गोंगाटात मी इतर चारचौघांसारखा होतो.

आम्हाला मुलगी झाली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. जेल रोडला दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाळंतपणानंतर माझी आई घोटीहून येऊन राहिली. माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, तेही माझ्यासारखेच अडखळत बोलायचे. एका सकाळी बाळाला तेल लावता लावता, मान वर न करता आई मला म्हणाली, "तू तुझ्या मामाच्या मांडीवर लय खेळला. तिथूनच लागलं तुला. हिच्यासंगं जास्त बोलत बसू नको रं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाळाला थंडीवाऱ्याचं बाहेर नेऊ नको, तसंच सांगितलं तिने. आणि मला ते पटलं, कारण मुलगी झाल्याचं कळलं तेव्हापासून माझ्याही मनात तेच होतं.

माझी बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, सकाळच्या सत्राला. ती उजाडताना घर सोडायची आणि दुपारी परत यायची. मग मी दुसऱ्या पाळीला जायचो. त्यामुळे सकाळ आम्हा बापलेकीची. मी तिला न्हाऊ घालायचो, भरवायचो, खेळवायचो, आणि हे सगळं तोंड मिटून. चेंडू इकडून तिकडे ढकलायचा. भिंतीवर हाताच्या सावल्या पाडायच्या. तिने एखाद्या वस्तूकडे नुसतं पाहिलं, तरी ती वस्तू मी तिच्या हातात द्यायचो. आमचं फार छान जमलं होतं. शेजारणी बायकोला म्हणायच्या, नशीबवान आहात, असा नवरा मिळायला.

ती दोन वर्षांची झाली आणि घरातलं वातावरण बदललं. खालच्या मजल्यावरचा तिच्याच वयाचा मुलगा जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचा. आमची मात्र 'अं', 'आ' आणि कशालाही 'ता'. तिला कळायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची. पण काही हवं असलं आणि ते आम्हाला समजलं नाही, की जमिनीवर पडून डोकं आपटायची. एकदा कपाळाला चांगलं टेंगूळ आलं. तिला काय हवं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बायको गुपचूप तिच्या मागे जाऊन टाळी वाजवायची. पोरगी वळून बघायची, तरी बायकोचं समाधान होत नसे. एके दिवशी तिने तोंडातून काढलंच, "अहो, हिला नीट ऐकू येतं ना?"

कानाची तपासणी झाली. एका बंद खोलीत लेकीला मांडीवर घेऊन मी बसलो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून आवाज यायचा, आणि तिने मान वळवली की तिथल्या खेळण्यातला दिवा लागायचा. काचेपलीकडे बायको उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. आवाज लहान लहान होत गेले. एक आवाज मलाही आला नाही, पण लेकीने मान वळवली.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले.

आमचा आनंद जिना उतरेपर्यंत टिकला. खाली आल्यावर बायको म्हणाली, "मग बोलत का नाही?"

डॉक्टरांनी शरणपूर रोडवरच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमचा पत्ता दिला होता. पुढच्या आठवड्यात गेलो. मध्यम वयाच्या, सुती साडीतल्या बाई. खोलीत टेबलखुर्ची होती, पण त्या खाली चटईवर बसल्या होत्या. लेकीसमोर त्यांनी लाकडी ठोकळे ठेवले आणि आमच्याकडे वळल्या.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"सकाळी हे असतात, दुपारनंतर मी," बायको म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सकाळी काय काय खेळता दोघं?"

मला 'बॉल' म्हणायचं होतं. ओठ मिटले. मी जोर लावला, तसे ते आणखी घट्ट झाले. बायको पुढे सरकली, तिच्या तोंडात तो शब्द तयार होता हे मला दिसत होतं. मॅडमनी तिच्याकडे न बघता हात किंचित वर केला, तशी ती थांबली. लेक ठोकळे सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"…बॉल," मी म्हणालो.

"छान. आणि बॉल खेळताना काय बोलता तिच्याशी?"

मी मान हलवली.

"ह्यांचं बोलणं जरा कमी असतं," बायको घाईने म्हणाली.

"कमी नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

बायको माझ्याकडे वळली. तिला हे माहीत नव्हतं. ती घरी असताना मी गप्प असायचो, ते तिला नेहमीचंच वाटायचं. तिच्या मागे, सकाळच्या सगळ्या वेळात मी पोरीशी एक अक्षर बोलत नाही, हे तिने तिथे पहिल्यांदा ऐकलं. मग आईचं म्हणणं मला सांगावं लागलं. फार वेळ लागला सांगायला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"अडखळणं सर्दीसारखं एकाचं दुसऱ्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात ते आहे, म्हणून हिलाही होण्याची शक्यता थोडी जास्त, हे मी लपवणार नाही. पण ते रक्तातून येईल, तुमचं ऐकून नाही. आणि हिला उशीर झालाय तो तुमच्या गप्प राहण्यामुळेच, असंही मी म्हणणार नाही. काही मुलं उशिराच बोलतात. पण आज तिला शब्दांची गरज आहे आणि तिच्यासमोर सगळी सकाळ तुम्ही बसलेले असता."

मग त्यांनी लेकीला एक चेंडू दाखवला. ढकलला नाही. हातात धरून, डोळे मोठे करून नुसत्या थांबल्या. लेकीने हात पुढे केला. मॅडम थांबलेल्याच. लेक माझ्याकडे बघून कुरकुरली, मग मॅडमकडे वळून जोरात म्हणाली, "अं!"

"घे! आला बॉल!" चेंडू गडगडत गेला.

"मागायची वेळ येऊ द्या तिच्यावर," मॅडम मला म्हणाल्या. "तुम्ही सगळं आधीच देता. आणि 'हे म्हण, ते म्हण' असं अजिबात करू नका. शाळा नको. तुमचे हात जे करतायत, तेवढंच तोंडाने सांगा. दोन शब्द पुरे. मग थांबा. थांबणं सगळ्यात महत्त्वाचं."

परतीच्या शेअर रिक्षात बायको बाहेर तोंड करून बसली होती. द्वारका चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, "मला सांगायचं तरी."

मी उत्तर दिलं नाही. रिक्षात आणखी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी आधी खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून. मग नळाखाली बादली ठेवली, लेकीला समोर बसवलं आणि नळ सोडला. "पाणी आलं" एवढंच म्हणायचं होतं. 'प'ने मला धरून ठेवलं. बादली अर्धी भरली तरी माझं पाणी येईना. लेक उठून जवळ आली, माझ्या मिटलेल्या ओठांवर तिने बोट ठेवलं आणि दाबून पाहिलं. घाबरली नाही. हा काही तरी नवा खेळ आहे, असंच तिला वाटलं असावं.

"पाणी आलं," मी म्हणालो. माझं कपाळ घामाने भिजलं होतं.

हळूहळू मला अंदाज येत गेला. ताल असला की मी अडखळत नसे. दोरीवर कपडे वाळत घालताना लेक चिमटे द्यायची, "दे… घे… लाव!" हे सरळ यायचं. मटार सोलताना "उघड… आत कोण?… दाणे!" तेही यायचं. तिला पायांवर बसवून झोके देताना तर मी काहीही बोलू शकायचो. एरवी मात्र नेहमीसारखीच अडचण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या एवढ्या धडपडीवर लेकीचं उत्तर तेच. अं. आ. ता.

दुपारी दार उघडलं की बायको पर्स खांद्यावरून काढायच्या आधी माझ्याकडे बघायची. विचारायची नाही. मी मान हलवायचो आणि ती स्वयंपाकघरात जायची. पावसाळाभर हे असं चाललं. एकदा ती म्हणाली, "मुंबईला दाखवायचं का?" मी 'बघू' म्हणणार होतो, तेही अडलं, आणि ती वाट न बघता आत निघून गेली. तसं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

त्या दिवसांत आमचा आवडता खेळ डब्यांचा होता. डाळीचे, मसाल्याचे रिकामे डबे एकावर एक रचायचे आणि लेकीने हात मारून पाडायचे. डबे कोसळले की मी "पडला!" म्हणायचो. हा 'प' दर वेळी अडायचा. डबे घरंगळून भिंतीला लागायचे, शांत व्हायचे, आणि मी अजून ओठ मिटून बसलेला. लेक मान तिरकी करून वाट बघायची.

एका सकाळी असेच डबे पडले. माझे ओठ मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. लेकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पल्ला."

मॅडमनी थांबायला सांगितलं होतं. मी मुद्दाम थांबायला गेलो की मला घाई व्हायची, आणि इथे माझ्या अडण्यानेच तिला हवी तेवढी जागा मिळाली होती. मी पुन्हा डबे रचले. तिने पाडले. मी आता खरोखरच गप्प राहिलो.

"पल्ला!" ती ओरडली आणि टाळ्या पिटत बसली.

दुपारी बायकोला सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना. डबे रचून दाखवले. लेकीने ते पाडले आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. बायको डबे गोळा करायला लागली. मी तसाच कामाला गेलो. माझ्या ऐकण्यात तर चुकलं नाही ना, असं दिवसभर वाटत राहिलं. रविवारी बायकोच्या हातून ताट निसटलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली, "पल्ला." बायको तिच्यासमोर जाऊन खाली बसली. ताट तसंच पडलेलं होतं.

त्यानंतर शब्द येत गेले. आधी एकेक, मग दोन दोन एकत्र. 'पप्पा बॉल', 'आई साळा'. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत ती जवळजवळ खालच्या मजल्यावरच्या मुलाइतकी बोलायला लागली. कपाटाच्या दाराआड लपायचं, मी टकटक करून "कोण आहे?" विचारायचं आणि तिने "मी!" म्हणून बाहेर यायचं, हा खेळ तर दिवसभर चालायचा. आमच्या घराची खिडकी आता उघडीच असायची.

मग थंडी आली, आणि एके संध्याकाळी बायकोने दूध दिलं तेव्हा लेक म्हणाली, "मी-मी-मी-मी मला नको."

आई तेव्हा घोटीहून आलेली होती. तिने हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि नंतर रोज. वाक्याच्या सुरुवातीलाच शब्द अडकायचा आणि चार-चारदा यायचा. लेकीला स्वतःला त्याचं काही नव्हतं, ती पुढे बोलत जायची. पण आम्ही तिघं तिने तोंड उघडलं की हातातलं काम थांबवायचो.

"लागलं," आई म्हणाली. "म्या सांगितलं व्हतं."

आई परत गेल्यावर एका दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना बायको म्हणाली, "अहो, थोडे दिवस सकाळी तिच्याशी जरा कमी बोलाल?"

"कमी?"

"नाहीच बोललात तर…" तिने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "मॅडम काय म्हणाल्या ते मला पाठ आहे. मला ते समजतं. पण मला भीती वाटते. शाळेत अशा मुलांना काय ऐकावं लागतं, ते मी रोज बघते."

ते मीही ऐकलेलं होतं. "ठीक आहे," मी म्हणालो. हे शब्द मला कधी अडले नाहीत.

पुन्हा गप्प बसणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. पहिल्यांदा लेकीला माझं बोलणं माहीतच नव्हतं. आता ती माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची. "पप्पा, बो-बो-बोल ना." मी हसायचो, तिला उचलून घ्यायचो, चेंडू आणायचो. ती चेंडू फेकून द्यायची. मग ती लपायला लागली. खाटेखाली, पडद्यामागे. मी टकटक करून 'कोण आहे' म्हणावं म्हणून. मी नुसता जाऊन तिला बाहेर काढायचो. ती हात झटकून दुसरीकडे जाऊन बसायची.

जानेवारीतला शनिवार होता. नाशिकची ती थंडी, अंगावर स्वेटर असूनही हात बाहेर काढवत नव्हते. न्हाणीघरात बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला होता. मी दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी होतो. मागे दार लोटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कडी सरकल्याचा. खालची छोटी कडी, तिचा हात पोचेल अशी.

मी धावलो. रॉडचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं, ते आधी बंद केलं. पण पाणी कढत झालेलं होतं. दाराच्या फटीतून वाफ येत होती. दार आत उघडणारं, न्हाणीघर एवढंसं. खांदा मारून दार तोडलं असतं, तर ते तिच्या नाहीतर बादलीच्या अंगावर गेलं असतं. आतून तिचं खुदखुदणं ऐकू येत होतं. ती लपली होती.

"बा…" मला 'बादली' म्हणायचं होतं. बादलीला हात लावू नको. ओठ बंद. 'बाजूला हो' म्हणावं, तर तिथेही 'ब'. आत काहीतरी खडखडलं. बादलीची कडी असावी. मी दारावर दोन्ही तळहात ठेवून उभा होतो आणि माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. आयुष्यात इतक्या वेळा अडलो असेन, पण शब्दाच्या पलीकडे माझी पोर उभी आहे, असं कधी झालं नव्हतं.

हात आपोआप वळला आणि मी दारावर टकटक केलं.

आतलं खुदखुदणं थांबलं.

पुन्हा टकटक. "कोण आहे?" हे सरळ आलं.

"मी-मी-मी-मी!" आनंदाने ओरडलीच ती. आवाज दाराजवळून आला.

"कुठे आहे?"

"इ-इ-इथे!"

"दाराला हात लाव बघू. दोन्ही हात."

दारावर आतून थापा पडल्या. म्हणजे हात बादलीवर नव्हते. मी खाली बसलो, फटीजवळ तोंड नेलं. "आता हात काढायचे नाहीत. तिथेच ठेव. ब… ब… बादली गरम आहे. हाऽऽ करते. चटका देते."

"ध-ध-धूर येतो," ती म्हणाली. खुदखुदणं गेलं होतं. "पप्पा, मला भ-भ-भीती."

"इथेच आहे मी. दाराला चिकटून. कडी कुठे आहे? शोध."

"ही."

"वर कर." ती कडी वर केल्याचा आवाज. "आता ओढ. चिमटा ओढतो तशी."

कडी थोडी सरकली आणि अडकली. ती रडायला लागली. "न-न-नाही येत. मी-मी-मला नाही येत."

"येईल. सावकाश. म… म… मी म्हणतो, तू ओढ. ओढ… ओढ… ओढ!"

"ओढ," तीही रडत म्हणायला लागली. दाराच्या दोन्ही बाजूंनी आम्ही एकत्रच म्हणत होतो, आणि त्या एकत्र म्हणण्यात ना ती अडली ना मी. कडी सुटल्याचा आवाज आला. मी दार अगदी हळू ढकललं, फटीतून हात घालून तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढून घेतलं.

तिचे पायमोजे भिजले होते, बाकी काही झालं नव्हतं. तिने माझ्या छातीवर जोरात बुक्की मारली. "तू मला शो-शो-शोधलं का नाही?"

तेव्हा मला बाहेरच्या दारात बायको दिसली. शनिवारची शाळा लवकर सुटलेली. पर्स खांद्यावर, एका पायात चप्पल. ती किती वेळ तिथे होती, मला माहीत नाही. नंतर तिने सांगितलं, की मध्ये आवाज दिला तर पोरगी गोंधळेल म्हणून ती तोंडावर हात दाबून उभी होती. ती आमच्याजवळून न्हाणीघरात गेली, रॉड काढून कपाटावर टाकला, बादली मोरीत ओतली. पाणी बराच वेळ वाहत होतं. मग येऊन ती आमच्याशेजारी फरशीवर बसली आणि लेकीचे ओले मोजे काढू लागली.

"बोला तुम्ही तिच्याशी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "मी तसं सांगायला नको होतं."

सोमवारी आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी लेकीशी बाहुलीचा स्वयंपाक मांडला आणि बराच वेळ तिचं ऐकलं. या वयात वाक्यं लांब व्हायला लागली की बरीच मुलं अशी अडखळतात, बहुतेकांचं जातं, असं त्या म्हणाल्या.

"हिचं जाईल का?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "जाईल असं वाटतं. खात्री देणार नाही. पण तुम्ही दोघंही ती बोलताना श्वास रोखून बसता, ते थांबवा. 'सावकाश बोल' म्हणू नका, तुम्हीच सावकाश बोला. ती कशी बोलते यापेक्षा काय सांगते, तिकडे लक्ष द्या."

ते ऐकायला सोपं होतं, करायला नव्हतं. बायको लेकीचं वाक्य संपेपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने बसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. कधी आठवडाभर सगळं सुरळीत असायचं, की ताप यायचा आणि अडखळणं परत यायचं. मी सकाळी बोलत राहिलो. चिमटे, मटार, डबे, आणि त्यात आता तिच्या प्रश्नांची भर. तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला मला वेळ लागायचा, आणि तोवर ती पुढचा प्रश्न विचारायची.

पुढच्या मे महिन्यात शाळांना सुट्टी लागल्यावर आम्ही एसटीने घोटीला निघालो. गाडीत गर्दी नव्हती. लेक खिडकीशी उभी राहून दिसेल ते सांगत होती, ट्रक, गुरं, डोंगर. कंडक्टर आले आणि तिला गमतीने दरडावून म्हणाले, "काय बाई, तुझं अर्धं तिकीट फाडू का?"

मी आणि बायको दोघंही जागच्या जागी आखडलो. अनोळखी माणूस, खाकी कपडे, अचानक विचारलेला प्रश्न. माझं असतं तर तिथेच गाडं अडलं असतं.

"मला नाही तिकीट लागत," लेक म्हणाली. "मी अजून लहान आहे. आईला लागतं आणि पप्पांना लागतं, आणि मला आजीकडे जायचंय, म्हणून मी मांडीवर बसणार आहे."

कंडक्टर हसले आणि पुढे गेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली. त्याआधी किती दिवस अडखळणं ऐकू आलं नव्हतं, ते आम्ही मुद्दामच मोजलं नव्हतं. तेव्हाही दोघांपैकी कोणी ते बोलून दाखवलं नाही. बोललो तर पुन्हा सुरू होईल, अशी धास्ती मनात होतीच, आणि ती पुढे दोन-तीन वर्षं राहिली. त्यानंतर बराच वेळ लेक एकटीच बोलत होती. वाडीवऱ्हे गाव मागे गेल्यावर तिने मला विचारलं, डोंगराच्या मागे काय असतं. मी सांगायला सुरुवात केली.